एका पेशंटमागे सहा जण, आणि निरोप्याचं काम मात्र नातेवाइकांकडे?

अंगणवेल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, एरवी मी नुसती वाचत असते पण आज विचारायचंच आहे म्हणून धागा काढतेय. सासऱ्यांना लकवा झालाय, उजवी बाजू आणि बोलणं दोन्ही गेलंय, आता आयसीयूतून वॉर्डात आलेत. हॉस्पिटल मोठं आहे, नाव लिहीत नाही. माणसं चांगली आहेत, जो तो आपापलं काम नीट करतो, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण न्यूरोवाले डॉक्टर, फिजिओ, स्पीच थेरपिस्ट, डाएटिशियन, सिस्टर, फार्मसीवाले असे सगळे येऊन जातात आणि एकमेकांना भेटतच नाहीत हो! डाएटिशियनने चार्ट दिलाय दर दोन तासांनी नळीतून फीड, फिजिओ नेमका फीड झाल्यावर येतो आणि म्हणतो आत्ता पोट भरलंय, आत्ता बसवलं तर उलटी होईल, मी नंतर येतो, आणि नंतर त्याला खालचा मजला असतो त्यामुळे तो येतच नाही. स्पीच थेरपिस्ट मॅडम सकाळी सांगून गेल्या की तोंडाने पातळ काहीही द्यायचं नाही, छातीत जाईल, आणि संध्याकाळच्या ड्यूटीच्या मावशींनी प्रेमाने दोन चमचे चहा पाजला. मी ओरडले तर म्हणाल्या आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आणि खरंच कुणी सांगितलं नव्हतं.

तर आता याचा निरोप त्याला आणि त्याचा याला हे मीच करतेय. मी बँकेत नोकरी करते, मला यातलं ओ की ठो कळत नाही. मला सांगा, हे असंच असतं का सगळीकडे? की कुठेतरी ही माणसं एकत्र बसतात?

चहाबाज_पुणे

वाचतोय. आमच्याकडे आईच्या वेळी सेम टु सेम. त्यात डिस्चार्जच्या दिवशी जी समरी मिळाली त्यात फिजिओचा उल्लेख एका ओळीत, 'फिजिओथेरपी चालू ठेवावी' बास. कुठली, किती, काय करायचं नाही, शून्य.

साधी_सिस्टर

ताई, आधी काकांना लवकर बरं वाटो. मी २ वर्षं न्यूरो वॉर्डला काढलीत, आता दुसऱ्या शहरात आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

मावशींना सांगितलं नव्हतं हे अगदी शक्य आहे. आमच्यात शिफ्ट बदलताना जी ओव्हर देतात ती सिस्टर टु सिस्टर असते, बेडजवळ उभं राहून किंवा गर्दी असेल तर काउंटरलाच. सलाईन काय चालू आहे, युरीन किती, बीपी किती, कुठला रिपोर्ट यायचाय. मावशी आणि मामा त्या ओव्हरमध्ये नसतात. पण पेशंटला वळवणं, पुसणं, भरवणं, बेडपॅन हे सगळं त्यांच्याच हाताने होतं. म्हणजे पेशंटला सगळ्यात जास्त वेळा हात लावणारा माणूस आणि सगळ्यात कमी माहिती असलेला माणूस एकच. आता बोला.

'तोंडाने काही नाही' हा बोर्ड बेडच्या डोक्याशी लावायचा असतो, आणि तो मराठीत लावायचा, कारण आमच्याकडे एनपीओ असं लिहिलेलं असायचं आणि मावशींना तो औषधाचा कंपनीचा कागद वाटायचा. तुम्ही स्वतः मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा, कोणी काढायला सांगितलं तर इन-चार्ज सिस्टरना दाखवा, त्या नाही म्हणणार नाहीत.

घाटावरचा_फिजिओ

धागा आवडला, कारण यातला खलनायक मीच आहे 😄

फीडनंतर लगेच बसवायचं नाही हे बरोबर आहे, निदान अर्धा तास तरी डोकं वर करून तसंच ठेवायचं, काही पेशंटना तासभर लागतो. आता यात खरं तर करायचं काय असतं, सकाळी डाएटिशियनला एक फोन, 'तुमचं दहाचं फीड साडेनऊला घ्या, मी साडेदहाला येतो.' झालं. मी हे काही पेशंटना करतो. सगळ्यांना का करत नाही? कारण माझ्याकडे एका दिवसात तीन मजले असतात आणि डाएटिशियन एकटी अख्ख्या हॉस्पिटलला आहे. तिचा नंबर माझ्याकडे आहे हेही नशीब समजा.

दुसरं, खांदा. याबद्दल लिहितोच कारण लोकांना माहीत नसतं. लकव्याच्या बाजूचा हात लुळा असतो तेव्हा खांद्याचा सांधा धरून ठेवणारे स्नायू काम करत नाहीत, हाताच्या वजनानेच तो खाली सरकतो. अशा वेळी मामांनी किंवा नातेवाइकांनी काखेत हात घालून वर ओढलं की संपलं, खांदेदुखी महिनोन्महिने जात नाही आणि मग त्या दुखण्यापायी पेशंट व्यायामच करू देत नाही. मी अर्धा तास सांधा सांभाळून हलवतो आणि बाकी साडेतेवीस तासांत कुणीतरी चार वेळा ओढतो. माझी ट्रीटमेंट चालणार की नाही हे रात्रपाळीच्या मामांवर अवलंबून आहे! म्हणून मी आता मामांना आणि मावशींनाच शिकवतो, कमरेच्या पट्ट्याला धरून कसं उठवायचं ते. आधी त्यांना वाटलं साहेब काम वाढवतायत, पण त्यांची स्वतःची कंबर दुखायची थांबली तेव्हा ऐकायला लागले.

ओपीडीवाला

मी डॉक्टर, फिजिशियन आहे. दोन्ही बाजूंनी लिहिलं जातंय ते बरोबर, पण थोडं आमचंही ऐका. सकाळी राउंड, मग ओपीडी, मधेच इमर्जन्सी, दुपारी परत राउंड. यात पाच जणांबरोबर मीटिंग कधी करणार? आणि दुसरं म्हणजे पेशंटला काही झालं तर नातेवाईक माझी कॉलर धरतात, फिजिओची किंवा डाएटिशियनची नाही. कोर्टात पण मीच. तेव्हा टीम वगैरे ठीक आहे पण शेवटचा शब्द एकाचाच हवा, सगळ्यांनी मत द्यायला लागलं तर गोंधळ होतो.

रेफरन्स टाकला, म्हणजे दुसऱ्या तज्ज्ञाला बघायला बोलावलं, की तो माणूस येतो, बघतो, फाइलमध्ये लिहितो. फाइल हीच मीटिंग आहे. ती वाचली तर प्रश्न उरत नाही.

साधी_सिस्टर

@ओपीडीवाला सर, राग मानू नका पण फाइल वाचतं कोण? स्पीच थेरपिस्टची नोट मागच्या पिवळ्या कागदावर, फिजिओचा वेगळा फॉर्म, डाएटचा चार्ट बेडला अडकवलेला, आणि तुमची ऑर्डर पुढच्या पानावर. मी सगळं वाचते कारण मला वाचावंच लागतं, औषध मी देते. तुम्ही राउंडला फक्त तुमचंच आधीचं पान बघता, मी कैक वेळा बघितलंय.

आणि शेवटचा शब्द एकाचा असू दे की, त्याला कोण नाही म्हणतंय. त्याच्या आधीचे शब्द ऐकले जावेत एवढंच.

पावट्याची_उसळ

सिस्टर +१०००

सातासमुद्रापार

मी यूकेत स्ट्रोक (लकवा) युनिटला ओटी आहे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, पेशंटला रोजची कामं परत करायला शिकवायचं काम. शिक्षण मुंबईत. (अवांतर: आपल्याकडे ओटीचं पहिलं स्कूल केईएममध्ये १९५० साली कमला निंबकरांनी सुरू केलं. फलटणचं कमला निंबकर बालभवन ज्यांच्या नावाने आहे त्याच. लोकांना शाळा माहीत असते, हे माहीत नसतं.)

अंगणवेल ताईंचा मूळ प्रश्न होता की ही माणसं कुठे एकत्र बसतात का. हो, बसतात, आणि स्ट्रोकमध्ये तर एकत्र बसणं हीच ट्रीटमेंट आहे असं म्हटलं तरी चालेल. १९९३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्ट्रोक युनिटवरचे तोपर्यंतचे ट्रायल पहिल्यांदा एकत्र करून बघितले गेले, पुढे कॉक्रेन या संस्थेचे, असेच सगळे ट्रायल एकत्र तपासणारे आढावे येत राहिले. निष्कर्ष दरवेळी तोच, साध्या मेडिकल वॉर्डात ठेवलेल्या पेशंटपेक्षा स्ट्रोक युनिटमधले पेशंट वर्षभरानंतर जास्त संख्येने जिवंत असतात, जास्त संख्येने स्वतःच्या घरी आणि स्वतःच्या पायावर असतात. आता गंमत बघा, युनिटमध्ये वेगळं औषध काही नव्हतं. तेच डॉक्टर, नर्स, फिजिओ, ओटी, स्पीच, फक्त एका जागी, त्यातले सगळे स्ट्रोकचंच काम करणारे, आणि आठवड्यातून निदान एकदा सगळ्या पेशंटवर एकत्र बोलणारे. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आत पोचलेल्यांनाच देता येतं, त्यातही सगळ्यांना नाही. एकत्र काम मात्र प्रत्येक पेशंटला देता येतं, मेंदूतल्या रक्तस्रावाच्या पेशंटला सुद्धा.

आमच्याकडे रोज सकाळी बोर्डासमोर उभं राहून छोटी चर्चा असते, खुर्च्या नसतात म्हणून लवकर संपते. प्रत्येक नावासमोर कोण काय करणार, घरी कधी, घराला जिने किती, संडासात धरायला दांडी आहे का. गिळण्याची तपासणी पेशंट आल्यापासून ४ तासांत व्हावी असं गाइडलाइनच सांगते आणि ती पहिली चाचणी शिकलेली नर्स करते, स्पीच थेरपिस्टची वाट बघत पेशंट उपाशी नाही ठेवत.

पण इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. २०२३ च्या गाइडलाइनने दिवसाला किमान ३ तास थेरपी द्या म्हटलंय, आठवड्यातून पाच दिवस. माणसं कुठून आणायची ते मात्र लिहिलेलं नाही. आणि मीटिंगमध्येही एखादे कन्सल्टंट (वरिष्ठ डॉक्टर) असे असतात की ते बोलायला लागले की बाकीचे कागदावर फुलं काढत बसतात.

चहाबाज_पुणे

@सातासमुद्रापार जबरी प्रतिसाद. पण आपल्याकडे हे कसं जमणार, जिल्ह्याच्या ठिकाणी न्यूरो मिळायची मारामार.

भूलभुलैया

मी भूलतज्ज्ञ. विषय स्ट्रोकचा आहे पण ओपीडीवाले सरांच्या 'शेवटचा शब्द' वरून आमच्या ऑपरेशन थिएटरमधलं सांगतो.

डब्ल्यूएचओची सर्जिकल चेकलिस्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल, १९ मुद्दे. ज्यांनी त्या कामाचं नेतृत्व केलं ते अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे, मूळ गाव विदर्भातलं, वडिलांकडून. ८ शहरांतल्या ८ हॉस्पिटलांत करून बघितली, त्यात दिल्ली पण होती, आणि २००९ च्या जानेवारीत निकाल छापला. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर, गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर. त्या यादीत एक मुद्दा लोकांना फालतू वाटतो, की चीर द्यायच्या आधी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं. आमच्याकडे पहिल्यांदा केलं तेव्हा सर्जन हसले, म्हणाले आम्ही काय लग्नाला आलोय का. पण एकदा तोंड उघडून नाव सांगितलेला माणूस नंतर 'सर, स्पंज एक कमी भरतोय' हे सांगायला तितका घाबरत नाही. माझा अनुभव तसाच आहे.

आता दुसरी बाजू. कॅनडात ओंटारिओ प्रांतात १०१ हॉस्पिटलांत ही चेकलिस्ट सक्तीची केली आणि २०१४ मध्ये आकडे आले, मृत्यूत म्हणण्यासारखा फरक नाही. कारणांवर अजून वाद आहेत. माझं मत असं की खूण करायचा कागद झाला की संपलं. मी स्वतः अशी थिएटर्स बघितलीत जिथे टाइम आऊटच्या (चीर द्यायच्या आधी थांबून सगळ्यांनी बोलायचं त्याच्या) खुणा ऑपरेशन संपल्यावर चहा पिताना होतात. कागद भरलेला, बोललं कुणीच नाही.

ओपीडीवाला

@भूलभुलैया हे मात्र खरंय. हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या एनएबीएचचं इन्स्पेक्शन आलं की सगळे कागद एका रात्रीत भरतात.

ठीक आहे, थोडी माघार घेतो. फाइल म्हणजे मीटिंग हे वाक्य घाईत लिहिलं. पण माझा वेळेचा मुद्दा तसाच आहे.

साधी_सिस्टर

वेळ वाचवायची पद्धत आहे सर, एसबीएआर. अमेरिकन नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून आलेली, मग तिथल्या कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेने हॉस्पिटलात आणली. फोनवर चार गोष्टी सांगायच्या, आत्ता काय झालंय, मागचं काय, मला काय वाटतंय, आणि मला तुमच्याकडून काय हवंय. आपल्या नर्सिंग कॉलेजात शिकवतात सुद्धा. पण प्रत्यक्षात आम्ही दोनवर थांबतो. 'सर, बेड ९ ला सॅच्युरेशन ८८ आहे, सकाळी ९६ होतं.' पुढचं, की मला वाटतं फीड छातीत गेलंय, तुम्ही आत्ता येऊन बघा, हे बोललं की समोरून येतं 'डॉक्टर तू आहेस की मी?' एकदा ऐकलं की नवीन मुलगी परत कधी तिसरं वाक्य बोलत नाही. नुसता आकडा सांगते आणि फोन ठेवते. मग सर आकड्यासाठी ऑक्सिजन वाढवायला सांगतात. आणि छातीत गेलेलं फीड छातीतच राहतं.

घाटावरचा_फिजिओ

हे वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. हे आमच्या बाबतीतही होतं. 'आज पेशंट गुंगीत वाटतोय, काल रात्री झोपेचं औषध दिलंय का' असं विचारलं की उत्तर मिळतं तू व्यायामाचं बघ.

पण आमच्या लोकांचंही सांगतो, आम्हीही कमी नाही. लवकर उठवा, लवकर चालवा हा आमचा मंत्र. २०१५ मध्ये अव्हर्ट म्हणून २१०४ पेशंटचा ट्रायल आला, त्यात पहिल्या २४ तासांतच जोरात आणि पुन्हा पुन्हा उठवलेल्यांचे निकाल उलट जरा वाईट निघाले. तेव्हा डॉक्टर 'आज झोपू दे' म्हणाले तर तो दरवेळी अहंकार नसतो.

मराठा_गडी_९२

फिजिओ स्वतःला डॉक्टर लावतात त्यावर पण बोला की जरा

घाटावरचा_फिजिओ

नको रे बाबा. त्याच्यावर वेगळा धागा काढ, ३०० प्रतिसाद होतील. २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्यापासून ते आजपर्यंत सगळं तिथे भांडू. इथे ताईंचे सासरे आहेत.

माळावरची_आशा

मी आशा गटप्रवर्तक आहे, गाव सांगत नाही. तुमचं सगळं शहरातलं चाललंय. पेशंट डिस्चार्ज होऊन गावाला येतो तेव्हा काय होतं ते सांगते. कोणीच सांगत नाही आम्हाला. नळी लावलेला माणूस घरात असतो आणि आशाताईला कळतं ते हळदीकुंकवाला गेल्यावर.

बाळंतीण आली तर आम्हाला वेळापत्रक असतं, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर घरी ६ भेटी, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. बाळाचं वजन, ताप, दूध पितंय का, सगळं फॉर्मवर. हे आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी आरोग्यदूतांना शिकवून करून दाखवलं, १९९९ ला जगभर छापून आलं, मग सगळ्या देशात आशांकडे आलं. कोण कधी जाणार, धोक्याची खूण दिसली तर कुणाला कळवणार हे ठरलेलं. लकव्याच्या माणसाला असं काहीच ठरलेलं नाही. तीस वर्षांवरच्यांचा बीपी शुगरचा सर्व्हेचा फॉर्म आम्ही भरतो, उपकेंद्राला सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) असतात ते बीपी बघतात, पण हॉस्पिटलातून गावाकडे निरोपच नाही. डिस्चार्जच्या कागदाची एक झेरॉक्स उपकेंद्राला पाठवा एवढं केलं तरी आम्ही जाऊन बघू. पाठीला जखम झालीय का हे बघायला एमबीबीएस लागत नाही.

जामखेडला आरोळे डॉक्टरांनी १९७० पासून गावातल्या बायकांनाच शिकवलं होतं, त्यातल्या कितीतरी शाळेत गेलेल्या नव्हत्या. आमच्या ट्रेनिंगला सांगतात हे. पण तिथे डॉक्टर आणि गावची बाई एका सतरंजीवर बसायचे. आमची मीटिंग होते तेव्हा खुर्च्या कमी पडल्या की उभं कोण राहतं ते तुम्हीच ओळखा.

अंगणवेल

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सिस्टर, बोर्ड लावला, मराठीत. इन-चार्ज सिस्टरनी स्वतः शेजारच्या दोन बेडनापण लावला. फिजिओदादांचं वाचून डाएटिशियनना फीडची वेळ बदलायला विचारलं तर त्या म्हणाल्या अहो मला कोणी सांगितलं असतं तर मी पहिल्याच दिवशी केलं असतं, पाच मिनिटांचं काम आहे. आता फिजिओ साडेदहाला येतो.

एक शंका राहिली. डाएटिशियन म्हणतात पालक, मेथी घालून सूप द्या पुढे, आणि शेजारच्या बेडचे काका म्हणतात रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पालेभाजी बंद. कोणाचं खरं?

गोळीबार_मैदान

फार्म डी केलंय, क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. याचंच उत्तर द्यायला लॉगिन केलं.

'रक्त पातळ करायची गोळी' म्हणजे दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. ऍस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या प्लेटलेटवर काम करतात, त्यांचं पालेभाजीशी काही देणंघेणं नाही, खुशाल खा. वॉरफॅरिन किंवा ऍसिट्रॉम असेल तर पालेभाजीतल्या व्हिटॅमिन के चा प्रश्न येतो, ते या गोळीच्या उलट काम करतं, पण तिथेही बंद नाही करायचं. रोज साधारण सारखी ठेवायची. एक आठवडा भाजी नाही आणि पुढच्या आठवड्यात रोज मेथी असं केलं की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) हलतो. डोस भाजी धरूनच बसवता येतो. शेजारच्या काकांना बहुतेक ऍसिट्रॉम असेल, तुमच्या सासऱ्यांना काय आहे ते बघा.

आणि नळी आहे म्हणून विचारते, गोळ्या कुटून देतायत का?

अंगणवेल

हो, सिस्टर खलबत्त्यात कुटून पाण्यात घालून देतात. क्लोपिडोग्रेल आहे, ऍसिट्रॉम नाही. फिट येऊ नये म्हणून पण एक गोळी आहे, फेनिटॉइन लिहिलंय.

गोळीबार_मैदान

मग हे आजच विचारा. ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, एक्सआर, सीआर (औषध हळूहळू सोडणारी) किंवा ईसी (ॲसिडपासून वाचवणारं आवरण असलेली) आहे ती कुटायची नसते. एसआर कुटली की बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं, ईसी कुटली की पोटातलं ॲसिड ती आधीच खाऊन टाकतं. ॲसिडिटीच्या पॅन्टोप्राझोलची साधी गोळी पण त्यातच येते, तिला नळीसाठी दुसरे प्रकार असतात.

फेनिटॉइनचं तर खास आहे. नळीच्या फीडबरोबर दिलं की ते नीट शोषलं जात नाही, रक्तातली पातळी उतरते, आणि मग फिट आली की सगळे म्हणतात डोस वाढवा. औषध द्यायच्या आधी आणि नंतर साधारण एक ते दोन तास फीड थांबवतात. पण तुमच्याकडे फीड दर दोन तासांनी आहे. म्हणजे डाएटिशियनला परत चार्ट बदलावा लागेल, आणि तो बदलला की फिजिओची साडेदहाची वेळ परत हलेल.

तुम्ही स्वतः काही थांबवू किंवा बदलू नका. हॉस्पिटलात क्लिनिकल फार्मासिस्ट आहे का ते विचारा, नसेल तर उद्या राउंडला डॉक्टरांसमोर हेच वाक्य जसंच्या तसं म्हणा, 'फेनिटॉइन आणि फीडची वेळ जुळत नाही, काय करायचं?' आणि जमलं तर राउंडच्या वेळी डाएटिशियनना पण बोलावून घ्या.

घाटावरचा_फिजिओ

साडेदहाचं माझं बघू नका, तो जो कोण आहे तो साडेअकराला येईल. त्याला आदल्या दिवशी कळवा फक्त.

ओपीडीवाला

ताई, फेनिटॉइनऐवजी दुसरं काही चालेल का हेही विचारून घ्या, नळीतून द्यायला सोपे पर्याय आहेत. मी तुमचे पेशंट बघत नाही त्यामुळे इथे नाव लिहीत नाही. आणि पातळी तपासायला सांगा, रक्ताची साधी टेस्ट असते.

@गोळीबार_मैदान तुम्ही कुठे असता? आमच्याकडे जागा आहे.